मी काय धरू?

सतराव्या वळणावर धाकट्याला गाडी लागली. आकडा नक्की सांगता येतो, कारण थोरली मागच्या सीटवर बसून घाटाची वळणं मोजत होती आणि तिची मोजणी तिथेच थांबली. पुढचा अर्धा तास रस्त्याच्या कडेला गेला. त्याचे कपडे, तिचे कपडे, सीट, सीटच्या फटी आणि सीटबेल्टचं ते बक्कल. त्या बक्कलातून पुढचे चार दिवस अधूनमधून एक आंबूस वास येत राहिला.

मराठीत गाडी 'लागते'. ठेच लागते, नजर लागते, तशी. म्हणजे दोष कुणाचाच नाही. या वेळी मात्र दोष सरळसरळ माझा होता. घाट सुरू झाल्यावर तो कुरकुरायला लागला आणि त्याला गप्प बसवायला मी त्याच्या हातात फोन दिला. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती सांगत होती, आपण गरगर वळतोय. डोळे सांगत होते, छे, समोरचं सगळं तर जागच्या जागी आहे. दोघांची साक्ष जुळली नाही की पोट ढवळतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा हेच त्याचं खरं वय. धाकटा आता पाच वर्षांचा. दीड वर्षाचा असताना असाच एक घाट तो झोपेत पार करून गेला होता, आणि त्या एका आठवणीवर मी निर्धास्त होते. मुलांच्या बाबतीतला अनुभव किती लवकर शिळा होतो!

पुन्हा निघालो तेव्हा फोन माझ्या पिशवीत गेला. नवऱ्याने आरशात बघत त्याला सांगितलं, "हे बघ, मला पुढची वळणं नीट दिसत नाहीयेत. तू लांब रस्त्यावर नजर ठेव. वळण आलं की मला सांग, डावं की उजवं."

लांबवर, स्थिर काहीतरी बघत राहिलं की मळमळ कमी होते, एवढाच त्यामागचा हेतू. वळणं नवऱ्याला व्यवस्थित दिसत होती. धाकट्याचं डावं-उजवं अजून कच्चं आहे, त्यामुळे तो "या हाताला!" असं ओरडायचा आणि कुठला हात ते बघायची कुणालाच सोय नव्हती. पण पठ्ठ्याने चाळीसेक वळणं राखली आणि पुन्हा उलटी झाली नाही. वर पोचल्यावर तो गाडीतून असा उतरला, की गाडी त्यानेच चालवली होती.

मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. रात्री थोडं खुपलं. आपण त्याला खोटं काम दिलं होतं.

*

घाट चढताना मला हमखास बर्टा बेंझ आठवते. १८८८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. जर्मनीत मानहाइमला कार्ल बेंझने मोटारगाडी बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. एका पहाटे त्याची बायको त्याला न सांगता ती तीनचाकी गाडी घेऊन निघाली, शंभरेक किलोमीटरवर फोर्ट्सहाइमला, आपल्या आईकडे. सोबत दोन मुलगे: पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा तिने वीसलोखमधल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की त्या बिचाऱ्या इंजिनाचा दम तुटायचा. मग मुलगे खाली उतरून गाडी ढकलायचे.

लांब पल्ल्याचा पहिला मोटारप्रवास म्हणून जो इतिहासात नोंदला गेला, ती अशी एक आई आणि दोन मुलांची सहल होती. ही गोष्ट सांगताना सगळे बर्टाच्या धाडसाबद्दल बोलतात, आणि ते होतंच. मला मात्र त्या दोन पोरांबद्दल जास्त कुतूहल आहे. चढावर खांदा लावताना ती एकमेकांशी काय बोलली असतील? वैतागली असतील का? बहुधा असतील. पण ती नसती तर गाडी पहिल्या मोठ्या चढावरच राहिली असती, हे त्यांनाही कळत होतं आणि आईलाही.

आमच्या गाडीला ढकलावं लागत नाही. बटण दाबलं की ती चालू होते. मागच्या सीटवरच्या माणसांनी फक्त शांत बसायचं असतं. आणि घरीही तसंच. घरात मुलांवर जीव ओवाळून टाकणारी माणसं असतात, पण मुलांची गरज कुणाला असते? ती नसली तर घर ओकंबोकं वाटेल, पण अडणार काहीच नाही. मुलं 'मदत' करतात तेव्हा बहुतेक वेळा आपणच त्यांना मदत करत असतो. पीठ सांडतं, ते आपण पुसतो, वर शाबासकी देतो. मुलांना हे कळत नाही असं आपल्याला वाटतं. थोरली आठ वर्षांची आहे. शाबासकी दिल्यावर ती हल्ली माझ्याकडे ज्या नजरेने बघते, त्यावरून तिला कळलंय हे नक्की.

*

उतारावरच्या एका सपाट टप्प्यावर तंबू ठोकायचं ठरलं. खाली ओढ्याकाठची हिरवळ जास्त मोहात पाडणारी होती आणि दोन्ही मुलांचं मत तिच्याच बाजूने. पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत साठून राहते. शिवाय वर पाऊस झाला तर ओढा आधी कळवून फुगत नाही. म्हणून वर. उंची एकवीसशे मीटरच्या आसपास. मुद्दामच अडीच हजारांच्या खाली राहिलो होतो. त्याच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि लहान मूल "माझं डोकं दुखतंय, मळमळतंय" असं नीट सांगत नाही. ते फक्त चिडचिडं होतं, जेवत नाही, झोपत नाही. म्हणजे एरवी जसं वागतं तसंच.

तंबू आम्ही घरी एकदा उभारून बघितला होता. दिवाणखान्यात, पंख्याखाली, पंखा बंद ठेवून. तिथे वारा नव्हता हे आमच्या लक्षात आलं नाही.

इथे कापड उलगडताच ते शिडासारखं फुगलं. नवरा एका बाजूला आडवा पडून त्यावर लोळायला लागला, मी काठीचे तुकडे एकमेकांत बसवत होते; एक टोक बसलं की दुसरं सुटत होतं. आम्ही एकमेकांना काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलं जरा लांब उभी राहून बघत होती. आईबाबांना एखादी गोष्ट अजिबात येत नाही, हे दृश्य त्यांना फारसं बघायला मिळत नाही. घरात आमचा सगळा रुबाब बटणं, नळ, कड्या आणि वरच्या फळीपर्यंत पोचणारे हात यांच्यावर चालतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

मग धाकटा पुढे आला आणि म्हणाला, "मी काय धरू?"

तोंडावर "काही नको, बाजूला थांब" आलं होतं, पण तेवढ्यात कापडाचा एक कोपरा माझ्या हातातून सुटला. "हे धर!" मी ओरडले. त्याने धरलं. थोरलीने न विचारता दुसरा कोपरा पकडून त्यावर बसकण मारली. तिचं वजन बावीस किलो. त्या बावीस किलोंची किंमत मला त्या क्षणी जेवढी कळली तेवढी कुठल्याच वजनकाट्यावर कळली नव्हती. ती हलली नाही म्हणून काठी खोबणीत बसली. नवऱ्याने मेख तिरकी धरली, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, आणि दगडाने ठोकली. मग पुढची. तेरा मेखा. धाकटा प्रत्येक दोर ताणून धरत होता, जीभ बाहेर काढून.

हे काम खरं होतं. कुणी त्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं नव्हतं. त्याने शाबासकीसाठी वर बघितलंही नाही. बाराव्या मेखेनंतर फक्त एवढंच म्हणाला, "अजून एक राहिली."

*

रात्री झोपायची तयारी झाली, चेन ओढली, आणि अंधारातून प्रश्न आला, "कडी कुठाय?"

"कसली कडी?"

"तंबूची."

"तंबूला कडी नसते."

बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे कुणीपण येऊ शकतं?"

घरी याचं उत्तर मी दरवाज्याकडे बोट दाखवून दिलं असतं. इथे आमच्या आणि सबंध डोंगराच्या मध्ये एक पातळ कापड होतं, आणि बाहेर कसलं तरी पान वाजलं की मलाही तोच प्रश्न पडत होता. मी म्हणाले, खायच्या सगळ्या वस्तू गाडीत बंद करून ठेवल्यात, वास येणारं इथे काही नाही, प्राण्यांना आपल्यात काही रस नाही. हे सगळं खरं होतं, पण त्याने कुणाला झोप लागत नाही. थोरली म्हणाली, "मी दाराजवळ झोपते." आणि ती खरंच सरकत सरकत चेनपाशी जाऊन आडवी झाली. पाच मिनिटांत ती गाढ झोपली. पहारा देणारी सगळ्यात आधी झोपली, तरी धाकट्याचा जीव भांड्यात पडला. मी मात्र दोन वाजेपर्यंत जागी.

थंडीचा हिशेब आम्ही कागदावर केला होता. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून पांघरुणं भरपूर घेतली होती. पण आम्ही घेतली ती वरून घ्यायची. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते हे कळायला जमिनीवर झोपावं लागतं. माती अंगातली ऊब ओढून घेते आणि अंगाखाली दबलेलं पांघरूण तिला अडवू शकत नाही. तीनच्या सुमाराला आम्ही दोघांनी आमच्या मॅट मुलांच्या मॅटखाली सरकवल्या आणि स्वतः गाडीतली रिकामी पिशवी, जॅकेट आणि नकाशा यांवर पडून राहिलो. नकाशाने काही फरक पडला नाही.

पहाटे धाकटा ओरडला, "आत पाऊस पडतोय!" चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड कापडावर धरत गेली होती आणि आता थेंब टपकत होते. थंडी म्हणून मी हवेच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. दुसऱ्या रात्रीपासून खिडकी अर्धी उघडी ठेवायचं काम थोरलीने माझ्याकडून काढून घेतलं.

ताऱ्यांबद्दल लिहायला हवं, सगळे लिहितात. नवऱ्याने मुलांना दिवे बंद करून वीस मिनिटं अंधारात बसवलं, कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. मग आकाशगंगा दाखवली. मुलं म्हणाली, "हं." त्यांना त्या रात्री खरं आकर्षण होतं ते बाहेर, उघड्यावर, टॉर्चच्या उजेडात शू करायचं. आणि सकाळी खड्डा खणायचं. पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल, नंतर मातीने बुजवायचा. साठ मीटर म्हणजे किती पावलं यावर दोघांचं भांडण झालं: तिची ऐंशी भरली, त्याची एकशे एकोणीस. आकाशगंगा राहिली बाजूला. मी काही त्यांना दोष देत नाही. आकाशगंगेत त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

*

जेवणाची गोष्ट थोडक्यात. बटाटे शिजेनात. एवढ्या उंचीवर पाणी शंभरऐवजी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे तेवढेच येतात, पण धग कमी. वाऱ्यामुळे शेगडी विझत होती आणि नवऱ्याने क्षणभर तंबूच्या आत ती पेटवायचा विचार बोलून दाखवला. त्यावर आमचं त्या सहलीतलं सगळ्यात मोठं भांडण झालं. बंद कापडात शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. शेवटी गाडीच्या आडोशाला, मुलांना दोन्ही बाजूंनी पाठ करून बसवून, भिंतीसारखं, पाऊण तासात बटाटे अर्धेकच्चे झाले. भिंत मधूनच विचारायची, "झालं?"

*

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ढग चढले. डोंगरात सकाळ स्वच्छ असली की चारच्या सुमाराला असं होतं: तापलेल्या उतारांवरून हवा वर चढत राहते आणि माथ्यावर ढग रचत जाते. लांब वीज चमकली. नवऱ्याने धाकट्याला म्हटलं, "आकडे मोज. गडगडाट ऐकू आला की थांब."

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. मोजणी तिसाच्या आत आली तर आडोसा गाठायचा, हा नियम. धाकटा मोजायला लागला. त्याचे आकडे एकोणतीसपाशी नेहमी अडखळतात. अठ्ठावीसनंतर तो 'नव्वीस' म्हणतो आणि त्याचं तर्कशास्त्र पाहता मला ते चूक म्हणवत नाही. पहिल्यांदा नव्वीस आलं. मग वीस. आम्ही सामान गोळा करायला लागलो. मग चौदा.

तंबू विजेपासून काहीही वाचवत नाही. बंद मोटारगाडी वाचवते, कारण वीज पत्र्याच्या कवचावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. मी मुलांना गाडीत घातलं, काचा वर केल्या, कशाला हात लावू नका म्हणाले. नवरा मागे राहिला. वाऱ्याने एक दोर सुटला होता आणि तो मेख ठोकत बसला होता. पुन्हा चमकलं. धाकटा माझ्या मांडीवर मोजत होता, मोठ्यांदा. सहा, सात, आठ, गडगडाट. त्याने काच उघडायला लावली आणि बाहेर तोंड काढून ओरडला, "बाबा, आठ! आठ आलं! सोड ते!"

नवऱ्याने मेख तशीच टाकली आणि पळत आला.

मला वाटलं तो हसेल, बघा कसा ओरडतो म्हणेल. तो धापा टाकत पुढच्या सीटवर बसला आणि मागे वळून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." अगदी सहज, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं. मला घाटातली वळणं आठवली.

शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आत थांबायचं असतं. दर वेळी आवाज आला की मोजणी पहिल्यापासून. थोरलीकडे घड्याळ होतं. तिने काटेकोरपणे प्रत्येक वेळी शून्यावर नेलं, मी "आता पुरे, खूप लांब गेलंय" म्हटलं तरी. असे आम्ही पावणेदोन तास बसलो. मध्येच धाकट्याने हात लांब करून दारांचं कुलूप लावलं. चारही दारं खट् झाली. "आता आहे कडी," तो म्हणाला.

बाहेर आलो तेव्हा तंबू एका अंगाला लवला होता, पण उभा होता. बूट मात्र बाहेर राहिले होते. बूट आत घ्यायचं काम थोरलीचं. तिने पहिल्याच दिवशी मागून घेतलेलं. चार जोड पाण्याने भरलेले. ती काहीच बोलली नाही. मी "असू दे गं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. काम खरं असेल तर ते चुकल्यावर काहीतरी खरंच बिघडतं. ते "असू दे" म्हणून पुसून टाकलं असतं, तर आधीचं सगळंही खोटं ठरलं असतं. तिने एकेक बूट उलटा करून पाणी काढलं, त्यात जुन्या कागदाचे बोळे कोंबले. दुसऱ्या दिवशी तिने ओल्या बुटांत चालताना एकदाही कुरकुर केली नाही, आणि धाकट्याचे बूट दर तासाला काढून उन्हात धरत होती.

हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतोय, तोही सांगून टाकते. मुलांची खरोखर गरज लागणारी घरं जगात कमी नाहीत. तिथे पाच वर्षांचं मूल पाणी भरतं आणि त्याच्या आईला त्यात काव्य दिसत नाही. आम्ही पैसे आणि रजा खर्च करून चार दिवसांपुरती अडचण विकत आणली होती, गाडीची किल्ली खिशात ठेवून. त्यामुळे 'गरज' या शब्दाबद्दल फार बोलायचा हक्क आम्हाला नाही. तरी थोरली दाराजवळ सरकली ते मी बघितलंय, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही.

*

उतरताना नवरा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून होता, सारखे ब्रेक दाबले की ते तापतात आणि धरेनासे होतात म्हणून. तरी एका लांबलचक उतारावर जळका वास आलाच. आम्ही थांबलो. ब्रेक निवेपर्यंत मी मुलांना बर्टाची गोष्ट सांगितली, चामड्यासकट. थोरलीने विचारलं, "मग परत येताना ती मुलं आली का तिच्याबरोबर?" आली, म्हटलं. धाकट्याला दुसरीच काळजी. "आपली गाडी ढकलायची का?"

"उतार आहे रे."

"मग धरून ठेवायची का?"

वर फुग्यासारखं टरटरलेलं बिस्किटांचं पाकीट खाली येईपर्यंत पुन्हा चपटं झालं. कान दोनदा बंद झाले, जांभई देऊन उघडले. कुणालाही गाडी लागली नाही.

घरी पोचल्यावर तंबू वाळवायचा असतो. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते. आम्ही तो दिवाणखान्यात खुर्च्यांवर पसरला, पंखा लावून. मग अंघोळी झाल्या. गरम पाणी तोटीतून आलं, दिवे बटणाने लागले, दाराला कडी घातली गेली. मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावला. धाकटा मागोमाग आला, ओट्यापाशी उभा राहिला.

"आई, मी काय धरू?"

मी इकडेतिकडे बघितलं.